गोठ्यातली जुनी जीप, फियाट भंगारात घालण्याआधी हे वाचा

पौड (ता. मुळशी) : मुळशीच्या गावांत फिरलं की गोठ्याच्या कडेला, पेंढ्याच्या उडवीमागे एखादी जुनी जीप नाहीतर फियाट उभी दिसते. आजोबांनी घेतलेली, मग कोणी न चालवलेली. कोंबड्या त्यात अंडी घालतात, पोरं स्टेअरिंगवर खेळतात. एक दिवस भंगारवाला येतो, किलोवर भाव करतो आणि गाडी जाते. दुसरीकडे हौशी मंडळी अशाच गाड्या शोधत खेड्यापाड्यात येतात आणि वर्ष-दोन वर्षं खपून त्या पुन्हा रस्त्यावर आणतात. ही हौस घरच्या घरी जमण्यासारखी आहे का, पैसा कुठं जातो आणि फसगत कुठं होते, हे समजून घेतलेलं बरं.

आपल्याकडच्या 'क्लासिक' गाड्या कोणत्या?

क्लासिक म्हटलं की डोळ्यांपुढे उघड्या टपाची विलायती स्पोर्ट्स कार येते. तशा गाड्या आपल्याकडे फार थोड्या. परदेशातून गाडी आणणं पूर्वीपासूनच महाग आणि अवघड. देशी म्हणावी अशी एक होती, गोव्यात बनलेली 'सॅन स्टॉर्म'. दोन सीट, फायबरची बॉडी आणि रेनॉचं इंजिन. ती फार खपली नाही, त्यामुळे आता क्वचितच दिसते.

ग्रामीण भागात खरी क्लासिक म्हणजे महिंद्राची जीप आणि प्रीमियरची फियाट. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट १९७४ पासून 'पद्मिनी' नावानं विकली गेली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टेअरिंगखाली गिअरचा दांडा आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हापासून या गाडीची आठवण जास्तच निघू लागली. जीपमध्ये पेट्रोलवरची सीजे-३बी आणि पुढची डिझेलवरची एमएम ५४० ही नावं जुन्या मिस्त्र्यांच्या तोंडी आजही आहेत. या गाड्यांत कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. पाने, स्क्रूड्रायव्हर आणि चिकाटी असली की निम्मं काम जमतं.

आधी कागद, मग गाडी

सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते इथं. गाडी मृत माणसाच्या नावावर, आरसी हरवलेली, नंबर 'एम'ने सुरू होणारा जुना तीन अक्षरी, चेसिस नंबर गंजून गेलेला. असा माल स्वस्तात मिळाला म्हणून घेतला, लाखभर रुपये ओतले आणि नंतर कळलं की नावावरच होत नाही. मग ती गाडी अंगणातच राहते. म्हणून व्यवहाराआधी चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघावा, वारसांच्या सह्या होतील का हे विचारावं, कर्जाचा बोजा आणि थकलेला कर किती हे आरटीओत तपासावं. इंजिन बदललेलं असेल तर तशी नोंद आरसीवर पाहिजे.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढं दर ५ वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. हे शुल्क चारचाकीला एप्रिल २०२२ पासून ५ हजार झालं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या गाडीला १० हजार. शिवाय पर्यावरण कर वेगळा. दिल्लीसारखी सरसकट वयाची बंदी आपल्याकडे नाही. गाडी तपासणीत पास झाली तर चालवता येते.

'व्हिंटेज' नंबर घ्यावा का?

केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं होऊन गेलेली, मूळ रूपात ठेवलेली, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी यात बसते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क, मुदत १० वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं.

पण एक गोष्ट लक्षात ठेवायची. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. धंद्यासाठी तर नाहीच. ज्याला जीप घेऊन शेतावर जायचंय, बाजारला जायचंय त्यानं साध्या नोंदणीचंच नूतनीकरण केलेलं बरं.

मुळशीचा पाऊस हा खरा शत्रू

ताम्हिणीच्या पट्ट्यात वर्षाला ५ हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. चार महिने हवा ओली. पत्र्याला गंज लागतो तो वरून नाही, आतून. दाराच्या तळाची भोकं मातीनं बुजतात, पाणी आत साचतं आणि पत्रा खालून सडतो. पायाखालची मॅटिंग उचलून बघावी, चेसिसवर हातोडीनं हलकं ठोकावं. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आला तर आत पोकळ.

सडलेल्या पत्र्यावर पुट्टी भरून रंग मारणारे पुष्कळ. दोन पावसाळ्यांत तो रंग फुगून येतो. खरं काम म्हणजे सडका भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगनं जोडायचा, गंज घासून काढायचा आणि त्याच दिवशी प्रायमर मारायचा. उघडा पत्रा एक रात्र राहिला तरी आपल्या हवेत तांबूस होतो. रंगकाम दिवाळीनंतरच धरावं.

झाकायलाही प्लॅस्टिकची ताडपत्री नको, खाली दमट हवा कोंडते. सुती कव्हर, वर पत्र्याची शेड, चाकांखाली फळ्या. भाताची पोती शेजारी असतील तर उंदीर वायरी कुरतडतात, तेही बघावं.

बंद इंजिन एकदम फिरवू नका

वर्षानुवर्षं उभ्या गाडीला बॅटरी लावून सेल मारला की पिस्टन-रिंगांचं नुकसान होतं. पेट्रोलच्या गाडीचे प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडावं, एक-दोन दिवस मुरू द्यावं, मग हातानं इंजिन फिरवून बघावं. मोकळं फिरलं तरच पुढं जायचं.

आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, पंपाचा पडदा त्यानं फुगतात, चिरतात. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं, टाकी आतून गंजते. म्हणून पाइप नवे टाकावेत आणि महिनोन्‌महिने टाकीत पेट्रोल साठवू नये. डिझेल जीपवाल्यांना ही कटकट नाही.

ब्रेक मात्र सगळ्यात आधी. चाकातले सिलिंडर, रबरी होस बदलावेत. ब्रेक ऑइल ओल धरतं, ते दर दोन वर्षांनी तरी बदलावं. टायरवर नक्षी चांगली दिसली तरी फसू नये. बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. जुना रबर ताम्हिणीच्या उतारावर दगा देतो.

सुटे भाग कुठं?

पुण्यात नाना पेठ आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत कुर्ला, ही हौशी लोकांची नेहमीची ठिकाणं. काढलेला प्रत्येक बोल्ट डबीत, डबीवर नाव आणि काढण्याआधी मोबाइलवर फोटो. एवढं केलं नाही तर सहा महिन्यांनी गाडी परत जोडताच येत नाही, मग गाडी तुकड्यातुकड्यांत विकावी लागते.

क्रम असा ठेवावा : कागद, ब्रेक, पत्रा, इंजिन, वायरिंग आणि शेवटी रंग. बहुतेकजण रंगापासून सुरुवात करतात आणि पैसा संपला की थांबतात. ठरवलेल्या खर्चाच्या दीडपट तयारी असेल तरच हात घालावा, आणि पिकाचा पैसा यात घालू नये.

मिस्त्रीही आता थोडेच उरले. कार्बोरेटर कानानं लावणारे, पॉइंटचा गॅप डोळ्यांनी ओळखणारे साठीच्या पुढे गेले आहेत. गावात असा कोणी असेल तर घरातल्या पोराला त्याच्या हाताखाली दोन-चार रविवार बसवावं. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एवढं केलं तरी पुरे.