पाळणाघरांतील समुद्र

उन्हाळ्याची सुट्टी लागली म्हणजे ज्या घरांतून आई व वडील दोघेही कामावर जातात, त्या घरांतील लहान मुलांचा दिवस पाळणाघरांत किंवा बालवर्गांत जातो. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना त्या लांब दुपारीं कशांत रमवावें, हा तेथील बाईंपुढें रोजचा प्रश्न असतो. अशा वेळीं समुद्र हा विषय पुष्कळदां निवडला जातो, आणि निवड योग्यच आहे. तापलेल्या दिवसांत पाण्याचें नुसतें नांव निघालें तरी मुलें सुखावतात. मग मासे, खेकडे, होड्या आणि शिंपले यांविषयीं तर बोलावयासच नको.

परंतु विषय चांगला असला म्हणजे काम चांगलें होतेंच असें नाहीं. निळ्या कागदावर बाईंनीं कापून दिलेला मासा बाईंनीं दाखविलेल्या जागीं चिकटवावयाचा, वांकडा बसला तर तो बाईंनींच सरळ करावयाचा, आणि सायंकाळीं वीस मुलांच्या हातीं वीस एकसारखे मासे द्यावयाचे, असा प्रकार अनेक ठिकाणीं चालतो. पालक संतुष्ट होतात, वर्गाची भिंत शोभते. पण त्या माशांत मुलाचें असें कांहींच नसतें. त्यानें कांहीं पाहिलेलें नसतें, कांहीं ठरविलेलें नसतें आणि त्याच्या बोटांनाही फारसें काम पडलेलें नसतें.

मुलाच्या हातांस शिक्षणांत स्थान द्यावें, हा विचार जुना आहे. जर्मनींत फ्रेडरिक फ्रोबेल यांनीं १८३७ सालीं लहान मुलांची शाळा काढली आणि १८४० सालीं तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे बालकांची बाग, हें नांव दिलें. कागदाच्या घड्या, मातीकाम, विणकाम हे उद्योग त्यांनीं शिक्षणांत आणले. १९०७ सालीं रोम येथें मारिया माँटेसरी यांनीं आपलें बालगृह उघडलें. मुलाचें काम मुलानेंच करावें, मोठ्यांनीं त्यांत हात घालूं नये, यावर त्यांचा भर होता. महाराष्ट्रांत ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामीण मुलांसाठीं बालशिक्षणाचें केंद्र सुरू केलें व त्या कामांत अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. बोर्डी हें गांव समुद्रकांठचें आहे. महाग साधनें आणण्याऐवजीं शिंपले, बिया, खडे, पानें अशा आसपास सहज मिळणाऱ्या वस्तूंपासून साधनें करतां येतात, हें या परंपरेनें दाखवून दिलें. समुद्राचा विषय घेणाऱ्या प्रत्येक बालवर्गास हा धडा उपयोगी आहे.

त्यांतील पहिला नियम असा कीं, आधीं पाहावें आणि मग करावें. मुंबईच्या गिरगांव किंवा जुहूच्या चौपाटीवर ओहोटीच्या वेळीं ओल्या वाळूंत बारीक बिळें दिसतात व त्यांच्याभोंवतीं मोहरीपासून वाटाण्यापर्यंतच्या आकाराच्या वाळूच्या गोळ्या ओळींनीं पसरलेल्या असतात. हें काम एका चिमुकल्या खेकड्याचें. तो वाळू तोंडाशीं नेतो, तिच्यांतील सूक्ष्म अन्नकण काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूस टाकतो. पुढची भरती ती सारी रांगोळी पुसून टाकते. हें पाहून आलेल्या मुलांपुढें ओल्या मातीचा गोळा ठेवला तर त्यांना नमुना दाखवावा लागत नाहीं. बोटांच्या चिमटींत गोळ्या वळणें हा पुढें लेखणी धरणाऱ्या हाताचा उत्तम व्यायामही आहे. मात्र चौपाटीवर जाण्यापूर्वीं भरती-ओहोटीची वेळ पाहून ठेवावी. ती दररोज सुमारें ५० मिनिटांनीं पुढें सरकते.

जेथें समुद्र जवळ नाहीं, तेथें बाजार आणि स्वयंपाकघर उपयोगीं पडतात. मंडईंतून आणलेला खेकडा परातींत ठेवून, किंवा त्याचें मोठें व स्पष्ट चित्र समोर ठेवून, मुलांकडून त्याचे पाय मोजवावे. चालण्याचे आठ आणि नांग्यांचे दोन, असे एकूण दहा भरतात. मग दोन्ही तळहातांस रंग लावून, मनगटें जुळवून, ते कागदावर उमटविले कीं आठ बोटांचे आठ पाय होतात व दोन अंगठ्यांच्या दोन नांग्या. हें गणित मुलांच्या हातांतच दडलेलें आहे. तें बाईंनीं सांगण्यापूर्वीं एखाद्या मुलास सुचलें तर त्याचा आनंद कांहीं निराळाच असतो.

भेंडी आडवी कापून तिचा ठसा घेतला तर बहुधा पांच कोनांची चांदणी उमटते, आणि तारामाशाच्या पुष्कळ जातींसही पांचच भुजा असतात. माशाचे खवले करावयाचे तर रंगीत कागदाचे तुकडे मुलांनीं स्वतः फाडावे. खवले घराच्या कौलांप्रमाणें एकमेकांवर चढलेले असून त्यांच्या मोकळ्या कडा शेपटीकडे असतात. म्हणून चिकटविण्यास शेपटीकडून आरंभ करावा, जसा कौलें घालणारा छपराच्या खालच्या कडेपासून आरंभ करतो. उलट बाजूनें आरंभ करणाऱ्या मुलास अडवूं नये. दुसऱ्या ओळीशीं येतांच त्याचें त्यालाच कळतें.

लाटांसाठीं पांढऱ्या मेणबत्तीनें कागदावर रेघा ओढाव्या व वरून पातळ निळा रंग फिरवावा. मेण पाण्यास धरत नाहीं. त्यामुळें रंग बाजूस सरतो आणि न दिसणाऱ्या लाटा एकाएकीं दिसूं लागतात. कागदाची होडी परातींतल्या पाण्यांत सोडून तिच्यांत एकेक चिंचोका ठेवीत जावा. सारे चिंचोके एका बाजूस ठेवले तर होडी कलते, सारखे पसरले तर अधिक भार नेते. खऱ्या गलबतांत माल भरणाऱ्यांसही हाच नियम पाळावा लागतो.

शिंपले व शंख यांच्या बाबतींत दोन सावधगिऱ्या अवश्य आहेत. पहिली मुलांच्या जिवाची. तीन वर्षांखालील मुलाच्या हातीं बारीक शिंपले, मणी किंवा चिंचोके मुळींच देऊं नयेत, मोठ्या मुलांजवळही कोणी तरी बसलेलें असावें, आणि पाणी वीतभरच असलें तरी मुलांस त्याजवळ एकटें सोडूं नये. किनाऱ्यावर जिवंत प्राणी असलेला शंख मुलांनीं उचलूं नये. शंकूच्या आकाराच्या कांहीं शंखांतील प्राण्याचा दंश विषारी असतो. दुसरी सावधगिरी समुद्राच्या जिवांची. रिकामा शंख आपल्यास रिकामा दिसतो, परंतु मऊ पोटाच्या शंखवासी खेकड्यास तेंच घर असतें व अंग वाढलें कीं त्यास मोठें घर शोधावें लागतें. म्हणून वेचलेल्या शिंपल्यांचे ओल्या मातींत ठसे घ्यावे आणि शिंपले पुढच्या फेरीस किनाऱ्यावर परत ठेवावे. थर्मोकोल आणि चकाकणारी प्लास्टिकची भुकटी तर या कामांत नकोच. जिच्यामुळें समुद्र घाण होतो त्या वस्तूनें समुद्र सजविण्यांत अर्थ नाहीं. गव्हाच्या पिठाची खळ, जुनीं वर्तमानपत्रें आणि माती एवढें सामान पुरे आहे.

या सर्वांत बाईंचें काम थोडें नाहीं, पण तें बरेंचसें आधींचें आहे. सामान मांडणें, पाहावयास लावणें, प्रश्न विचारणें आणि मग हात आवरून बसणें. यांतील शेवटचें सर्वांत अवघड, कारण सायंकाळीं दारांत उभ्या राहणाऱ्या पालकांस सुबक वस्तु हवी असते, आणि पाळणाघराची परीक्षाही पुष्कळदां तिच्यावरूनच होते. पालकांनीं ही अपेक्षा सोडल्याशिवाय बाईंना ती सोडतां येणार नाहीं. मुलाच्या हातांतील मासा वांकडा असेल, त्यास तीन डोळे असतील, खवले अर्धेच लागले असतील. तो कोणी केला, हें विचारण्याची गरज त्या माशाकडे पाहतांच उरत नाहीं. मग घरीं जातां जातां एवढेंच विचारावें, कीं आज काय पाहिलेंस? ज्या मुलानें खरोखर कांहीं पाहिलें आहे, तें घर येईपर्यंत सांगत राहील.