देवाबद्दल मतभेद, दारूबद्दल नाही

डिसेंबर २००४ मध्ये मुंबईत भांडुपच्या शेजारच्या विक्रोळीत विषारी दारूने ८७ जणांचा बळी घेतला. असल्या दारूतल्या मिथेनॉलचं यकृतात फॉर्मिक आम्ल बनतं. आधी डोळ्यांपुढे धुकं येतं, मग दृष्टी जाते, शेवटी जीव. मरणारा बहुतेक वेळा हातावर पोट असलेला. अशा कामगार वस्त्यांत व्यसनमुक्तीसाठी नास्तिक आणि कॅथलिक यांनी एकत्र यायला हवं, आणि हे अशक्य नाही. ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रनमध्ये सुरू झाली. रुग्णालयं दारुड्यांना दारातूनच परत पाठवत, तेव्हा तिथल्या सेंट थॉमस या कॅथलिक रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया १९३९ पासून त्यांना पोटाच्या विकाराच्या नावाखाली दाखल करून घेऊ लागल्या. त्याच सुमारास संघटनेच्या व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्यांचा मजकूर ठरत होता. जिम बरवेल हा पक्का नास्तिक सभासद हटून बसला, आणि देवाच्या उल्लेखाला ‘आम्हाला जसा उमगला तसा’ ही जोड मिळाली. श्रद्धाळूंनी आपला देव सोडला नाही, नास्तिकाला दार बंद झालं नाही.

आपल्याकडे फादर ज्यो परेरांनी १९८१ मध्ये वांद्र्यात कृपा फाउंडेशन सुरू केलं, तर विवेकवादी नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यात ‘परिवर्तन’ ही व्यसनमुक्ती संस्था उभी केली. वाटा वेगळ्या, पण समोर बसलेला माणूस तोच. यावर विवेकवादी म्हणतील, देवाच्या आधाराने दारू सुटली तर एक अवलंबन जाऊन दुसरं आलं. या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच देवाचं नाव न घेणाऱ्या सभाही हव्यात आणि निवड रुग्णाची हवी. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: श्रद्धाळूंना चमत्काराची तपासणी सहन होत नाही. २०१२ मध्ये विलेपार्ल्यात इर्ल्याच्या चर्चमधल्या क्रूसावरून ठिबकणारं पाणी तुंबलेल्या गटारातून केशाकर्षणाने वर चढतं, असं विवेकवादी सनल एडामरुकूंनी सांगितलं. त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि त्यांना देश सोडावा लागला. हे चूकच होतं. चमत्काराची तपासणी थांबवणं ही सहकार्याची किंमत असेल, तर ते सहकार्य नको. पण ती किंमत द्यावीच लागते असं नाही. दाभोलकरांनी ज्यासाठी आयुष्य वेचलं, त्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात कुणाला इजा न करणाऱ्या, चर्चमधल्याही प्रार्थनेला हात लावलेला नाही.

भांडुपमध्ये सुरुवात छोटी असली तरी चालेल. चर्चने व्यसनमुक्तीच्या सभेला जागा द्यावी, विवेकवाद्यांनी शाळांतून आणि नाक्यांवर मिथेनॉलच्या विषबाधेची लक्षणं समजावून सांगावीत. नजर अंधूक झालेला माणूस पहिल्या काही तासांत रुग्णालयात पोचला तर त्याची दृष्टी आणि जीव दोन्ही वाचू शकतात, हे घरातल्या बायकांना माहीत असणं आधी गरजेचं आहे.