सिग्नलला ओम्नी बंद पडते?

जुनी ओम्नी सिग्नलला थांबली की थरथरते, बंद पडते. वेग घेतला की मात्र ठीक चालते. अशा वेळी लगेच इंजिन उघडू देऊ नका. आधी स्वस्तातली कारणे तपासा. एअर फिल्टर काळा झाला आहे का? व्हॅक्यूमचा रबरी पाइप तडकला असेल तर हवा ओढल्याचा बारीक आवाज येतो. मग मिस्त्रीला तिन्ही सिलिंडर एकेक करून बंद करायला सांगा. जो बंद केल्यावर इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही, तोच आजारी. त्याचा प्लग आणि वायर पाहा. तिन्ही ठीक असतील तर थ्रॉटल बॉडी, अगदी जुन्या मॉडेलमध्ये कार्बोरेटर, साफ करून घ्या. पेट्रोलचा वास आला तर मात्र गाडी सुरूच करू नका. इंजिन पुढच्या सीटखालीच असते आणि मागे मुले बसलेली असतात.