दोन वर्तमानपत्रे, एक मतदार : निवडणुकीच्या बातम्या कशा वाचाव्यात?

निवडणूक जवळ आली की आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर एक ठरलेली गोष्ट घडते. कुणीतरी एका वाहिनीची चित्रफीत टाकतो, दुसरा लगेच 'ही वाहिनी विकली गेलेली आहे' असे लिहितो, आणि संध्याकाळपर्यंत दोघेजण गट सोडून जातात. मागच्या खेपेला गणेशोत्सवाच्या बैठकीतही हे दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत ते सांगतात की तिकडेही तेच चालले आहे. एक घर एकच वाहिनी पाहते, शेजारचे घर दुसरी, आणि दोघांना दोन वेगळे देश दिसतात. तेव्हा वर्तमानपत्राने आणि वाहिनीने समतोल राखावा म्हणजे नेमके काय करावे, याचा विचार या लेखात आम्ही करणार आहोत. त्यासाठी अमेरिकेपासून सुरुवात करण्याची गरज नाही. आपल्या गोव्यातच याचे उत्तम उदाहरण आहे.

ते उदाहरण म्हणजे १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की संघप्रदेश म्हणून वेगळा राहावा, हा प्रश्न थेट लोकांना विचारला गेला. विलीनीकरणाची निशाणी होती फूल आणि वेगळे राहण्याची दोन पाने. पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा, म्हणजे मगोचा, मोठा जोर. सासष्टीत डॉ. जॅक सिकेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाचा. पेडण्या-डिचोलीहून बंदरावर किंवा रेल्वेत कामाला आलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांचे गाव एका बाजूला आणि शेजार दुसऱ्या बाजूला, अशी स्थिती मुरगावात होती.

वर्तमानपत्रेही दोन बाजूंना उभी होती. २४ मार्च १९६२ रोजी चौगुले उद्योगसमूहाने दैनिक 'गोमंतक' सुरू केले. बा. द. सातोस्कर त्याचे पहिले संपादक. हे पत्र विलीनीकरणाच्या बाजूचे होते. त्याला उत्तर म्हणून १९६३ मध्ये मडगावात 'राष्ट्रमत' निघाले. चंद्रकांत केणी त्याचे संपादक, आणि उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर त्यात गाजत होते. मुद्दाम ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की 'राष्ट्रमत'सुद्धा मराठी दैनिक होते. वेगळ्या गोव्याची बाजू मराठी वाचकाला पटवायची तर ती मराठीतूनच मांडली पाहिजे, हे त्याच्या चालकांनी ओळखले होते. म्हणजे भाषा एकच, वाचकही बहुतांशी तोच, आणि त्याच्यापुढे दोन उघड भूमिका.

ही दोन्ही पत्रे समतोल होती का? नव्हती, आणि तसा त्यांचा दावाही नव्हता. कोणते पत्र कुणाच्या बाजूचे, हे गावातल्या पोरालाही ठाऊक होते. आमच्या ज्येष्ठ सभासदांच्या आठवणीत एक दुकान आहे. तिथे दोन्ही पत्रे येत, एकजण मोठ्याने वाचत असे आणि बाकीचे ऐकता ऐकता वाद घालत. एकाने म्हटलेले दुसऱ्याच्या कानावर पडत असे. समतोल होता तो त्या बाकावर.

सरकारी यंत्रणेच्या बाबतीत मात्र समतोलाचा आग्रह धरला गेला. सत्तेवर मगो असताना कौल निःपक्षपाती होणार नाही, असे विरोधकांचे म्हणणे होते. त्यामुळे डिसेंबर १९६६ मध्ये मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांनी राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवटीत मतदान झाले. वर्तमानपत्राने बाजू घेतली तर चालेल, पण मतदान घेणाऱ्याने घेता कामा नये, हा भेद तेव्हा लोकांनी नीट ओळखला होता.

निकाल आपल्याला माहीत आहे. विलीनीकरणाला १,३८,१७० मते, वेगळे राहण्याला १,७२,१९१ मते, फरक ३४,०२१. पण गोष्ट इथे संपत नाही. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि तिच्यात ३० पैकी १६ जागा मिळवून मगोच पुन्हा सत्तेवर आला. विलीनीकरण नाकारणाऱ्या गोव्याने विलीनीकरणाच्या पुरस्कर्त्यालाच मुख्यमंत्री केले! एका बाजूच्या प्रचारात कौल म्हणजे बांदोडकरांवरचा विश्वास होता, तर दुसऱ्या बाजूच्या प्रचारात मगो आणि विलीनीकरण ही एकच वस्तू होती. मतदाराने मात्र दोन्ही वेगळी करून दाखवली. त्याला गोवा वेगळा हवा होता, आणि कुळांची, बहुजनांची, गावोगावच्या शाळांची काळजी करणारे भाऊसाहेबही हवे होते. असा मतदार तेव्हाच्या प्रचारात कुठेच दिसत नव्हता.

ध्रुवीकरणाचा खरा तोटा हाच आहे. पत्र एका बाजूचे असते एवढ्याने बिघडत नाही. लोकांचे फक्त दोनच ढीग असतात, असे ते वाचकाला पटवते तेव्हा बिघडते. 'तो त्यांचा माणूस' असे एकदा म्हटले की त्याचे पुढचे वाक्य ऐकण्याची गरज उरत नाही.

आता अमेरिकेकडे वळू. तिथे १९४९ पासून रेडिओ आणि दूरचित्रवाणी केंद्रांना एक नियम लागू होता. सार्वजनिक महत्त्वाच्या वादग्रस्त प्रश्नांना वेळ द्यायचा आणि भिन्न मतेही ऐकवायची. १९८७ मध्ये हा नियम रद्द झाला. १९९६ मध्ये फॉक्स न्यूज आणि एमएसएनबीसी या केबल वाहिन्या सुरू झाल्या आणि पुढे त्यांचे प्रेक्षक राजकीय मतांप्रमाणे वाटले गेले. पण दोष एकट्या वाहिन्यांचा नाही. २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत 'वॉशिंग्टन पोस्ट'ने कोणत्याही उमेदवाराला पाठिंबा न देण्याचे ठरवले, तेव्हा दोन लाखांहून अधिक वर्गणीदारांनी वर्गणी बंद केल्याच्या बातम्या आल्या. पत्राने बाजू घ्यावी अशी वाचकाचीही मागणी असते. आपल्याकडे तरी काय वेगळे आहे?

समतोल म्हणजे दोघांना सारखी जागा, असेही समजू नये. कौलातला फरक ३४,०२१ मतांचा होता. तो तेवढा होता असे एकजण म्हणतो, नव्हता असे दुसरा म्हणतो, असे छापून पत्र समतोल होत नाही. मोजलेली गोष्ट मोजल्याप्रमाणे सांगावी आणि तिचा अर्थ लावताना मतभेदाला जागा द्यावी. घटना एकच असते. तिच्यावरची मते कितीही असू शकतात.

उघड बाजूपेक्षा लपवलेली बाजू अधिक घातक. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या पत्रांत एकाच नेत्याची तीच स्तुती, शब्दही तेच, निरनिराळ्या लेखकांच्या नावावर छापून आल्याचे पी. साईनाथ यांनी दाखवून दिले. जाहिरात बातमीचे कपडे घालून आली की वाचकाला सावध होण्याची संधीच मिळत नाही. 'गोमंतक' आणि 'राष्ट्रमत' यांच्या वाचकाला ती संधी होती.

मग आपण काय करावे? आमच्या मंडळाने स्वतःपुरते काही ठरवले आहे. गटावर बातमी टाकताना ती कुठल्या पत्रातली, कोणत्या तारखेची, हे लिहायचे. ती बातमी आहे की कुणाचे मत, हेही सांगायचे. ती खोटी आहे असे म्हणणाऱ्याने नेमके काय खोटे ते दाखवायचे. वाहिनीचे नाव घेऊन शिवी देणे पुरेसे नाही. आणि वाचनालयाच्या टेबलावर एकाच विचाराची पत्रे न ठेवता निदान दोन वेगळ्या बाजूंची ठेवायची.

ते दोघे सभासद अजून गटावर परतलेले नाहीत. या चतुर्थीच्या आधी आम्ही त्यांच्या घरी जाणार आहोत. निवडणूक पाच वर्षांनी येते, पण मखर दरवर्षी उभारायचे असते, आणि त्यासाठी दोघांचेही हात लागतात.