विश्लेषण : तिरका प्रतिध्वनी जमिनीखालच्या वायूचा पत्ता कसा सांगतो?

खोल समुद्रात एक विहीर खोदायची तर कोट्यवधी रुपये लागतात आणि ती कोरडीही निघू शकते. म्हणूनच खोदण्याआधी कंपन्या खडकांचे प्रतिध्वनी तपासतात. पण नुसता प्रतिध्वनी जोरदार असणे पुरेसे नसते. तो कोणत्या कोनातून किती जोरदार येतो, हे महत्त्वाचे.

प्रतिध्वनी कशाचा?
सर्वेक्षणात कृत्रिम कंपने जमिनीत सोडली जातात. खडकाचा थर बदलला, की लहरींचा काही भाग परत फिरतो आणि संवेदक तो टिपतात. अडचण अशी, की वायू असलेला वालुकाश्म जोरदार प्रतिध्वनी देतो, तसाच कठीण बेसॉल्टही देतो.

कोनाने काय फरक पडतो?
खडकातून दोन प्रकारच्या लहरी जातात : दाबाच्या आणि कातर. छिद्रांत पाण्याऐवजी वायू असला, तर दाबलहरींचा वेग बराच घटतो. कातर लहरींचा मात्र फारसा बदलत नाही. लहर सरळ खाली गेली तर हा फरक दिसत नाही. तिरकी आदळली, की तो प्रतिध्वनीच्या ताकदीत उमटतो.

हे गणित कोणाचे?
कार्ल झोपरिट्झ या जर्मन शास्त्रज्ञाचे. त्यांचे १९०८ मध्ये, वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी निधन झाले. समीकरणे १९१९ मध्ये प्रसिद्ध झाली. वायू शोधण्यासाठी त्यांचा उपयोग ऑस्ट्रँडर यांनी १९८४ मध्ये दाखवला. त्यांच्या मॉडेलमध्ये शेलच्या दोन थरांमध्ये वायूचा वालुकाश्म आहे. सरळ आदळणाऱ्या लहरीची सुमारे १७ टक्के उंची परत येते. ४० अंशांच्या कोनात सुमारे २८ टक्के. एरवी बहुतेक थरांचा प्रतिध्वनी कोन वाढला की क्षीण होतो.

मग मॉडेल कशाला?
प्रत्यक्षात थर अनेक आणि पातळ असतात. वरच्या व खालच्या पृष्ठभागांचे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात. म्हणून जवळच्या विहिरीत मोजलेले वेग आणि घनता घेऊन संगणकावर आधी ‘वायू आहे’ आणि ‘पाणी आहे’ अशी दोन्ही चित्रे तयार करतात. प्रत्यक्ष नोंद कोणत्या चित्राशी जुळते, ते मग पाहतात.

खात्री मिळते का?
नाही. पाण्यात थोडासाच वायू मिसळलेला असला, तरी दाबलहरींचा वेग जवळपास तेवढाच घटतो. खुणा साठ्यासारख्याच दिसतात, पण हाती काही लागत नाही. कोन वायू असण्याची शक्यता सांगतो. तो किती आहे, हे शेवटी विहीरच सांगते.