कम्युनिटी कॉलेज ते मेडिकल स्कूल : केमिस्ट्रीची साखळी आणि चार वर्षांचं वेळापत्रक

आजचा विषय आम्ही मुद्दाम कॅलिफोर्नियापुरता ठेवला आहे. कम्युनिटी कॉलेजांचे नियम राज्यागणिक बदलतात, आणि सगळ्यांचं थोडं थोडं सांगायला गेलं की कुणाच्याच हाती काही लागत नाही. शिवाय आज समोर बसलेल्यांत बे एरियातली मंडळी बरीच आहेत, त्यामुळे उदाहरणं तिकडचीच घेऊ.

सुरुवातीला एक गोष्ट स्पष्ट करू. आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात डॉक्टर होण्याचा रस्ता म्हणजे बारावी, मग नीट, मग साडेपाच वर्षांचं एमबीबीएस. एका परीक्षेत निकाल लागतो, आणि तिथून पुढची गाडी रुळावर. अमेरिकेत तसं नाही. इथे आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल, मग तीन ते सात वर्षांची रेसिडेन्सी. म्हणजे अठराव्या वर्षी कम्युनिटी कॉलेजात गेलेली मुलगी ‘मागे पडली’ असं आपण म्हणतो, तेव्हा आपण नीटच्या चष्म्यातून बघत असतो. तिच्यासमोर अजून कुठलंच दार बंद झालेलं नसतं. पण तिथे ती पहिल्या सेमिस्टरला कोणते विषय घेते, यावर बरंच काही ठरतं. ते पालकांना सहसा कुणी सांगत नाही, म्हणून आजचं हे व्याख्यान.

पैशाचं आधी सांगून टाकू, म्हणजे ते मनातून जाईल. राज्यातल्या रहिवासी विद्यार्थ्याला कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला ४६ डॉलर पडतात. बदलीसाठी, म्हणजे ट्रान्स्फरसाठी, साधारण ६० सेमिस्टर युनिट लागतात. हिशोब करा: २,७६० डॉलर, दोन वर्षांचे मिळून. पुस्तकं, प्रवास, किरकोळ शुल्क वेगळं. उत्पन्न कमी असेल तर ही फीसुद्धा माफ होऊ शकते. तेव्हा पैशाच्या बाजूने हा रस्ता उत्तमच आहे. अडचण वेळापत्रकाची आहे.

आता साखळीकडे येऊ. मेडिकल स्कूल साधारणपणे काय मागतात? एक वर्ष जीवशास्त्र लॅबसकट, एक वर्ष जनरल केमिस्ट्री लॅबसकट, ऑरगॅनिक केमिस्ट्री लॅबसकट, एक वर्ष भौतिकशास्त्र, बायोकेमिस्ट्री, शिवाय इंग्रजी आणि बहुधा संख्याशास्त्र. शाळेशाळेत थोडा फरक असतो, पण गाभा हाच. यातलं जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्र इकडेतिकडे सरकवता येतं. केमिस्ट्री सरकत नाही. जनरल केमिस्ट्रीचा पहिला भाग झाल्याशिवाय दुसरा नाही, दुसरा झाल्याशिवाय ऑरगॅनिकचा पहिला नाही, त्यानंतर ऑरगॅनिकचा दुसरा, आणि तो झाला की मग बायोकेमिस्ट्री. चार सेमिस्टर कम्युनिटी कॉलेजात, पाचवं विद्यापीठात. मध्ये श्वास घ्यायला जागा नाही.

समजा, एक मुलगी ऑगस्टमध्ये कॉलेज सुरू करते. गणिताची किंवा केमिस्ट्रीची तयारी कच्ची म्हणून तिला पहिल्या सेमिस्टरला केमिस्ट्रीचा पूर्वतयारीचा कोर्स घ्यावा लागतो. काही बिघडलं नाही असं वाटतं, एकच तर सेमिस्टर. मग जनरल केमिस्ट्री एक जानेवारीत, दोन पुढच्या ऑगस्टमध्ये, आणि ऑरगॅनिक एक त्यानंतरच्या जानेवारीत. आता गंमत बघा. लहान कॉलेजांत ऑरगॅनिकचा पहिला भाग पुष्कळदा फक्त फॉल सेमिस्टरला असतो. म्हणजे एका सेमिस्टरच्या उशिराचं एक अख्खं वर्ष होतं. म्हणून आम्ही पालकांना सांगतो, कॉलेजचं नाव, परिसर, पार्किंग हे सगळं नंतर. आधी त्या कॉलेजचं गेल्या दोन वर्षांचं वेळापत्रक उघडा आणि ऑरगॅनिक कोणत्या सत्रात लागतं ते बघा. आणि तो पूर्वतयारीचा कोर्स लागणारच असेल तर कॉलेज सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात उरकता येतो का, तेही विचारा.

यावर कुणी म्हणेल, मग ऑरगॅनिकचा अर्धा भाग इथे करू, अर्धा विद्यापीठात जाऊन करू. शक्यतो नको. कारण विद्यापीठं बहुतेक वेळा पूर्ण मालिकेला मान्यता देतात, सुट्या भागाला नाही. असिस्ट डॉट ऑर्ग नावाचं संकेतस्थळ आहे. तिथे तुमचं कम्युनिटी कॉलेज, हवं ते विद्यापीठ आणि हवा तो मेजर निवडला की कोणता कोर्स कशाच्या बदली चालतो हे समोरासमोर दिसतं. त्या तक्त्यात दोन कोर्सांच्या मध्ये ‘आणि’ असेल तर ते दोन्ही मिळूनच धरले जातात, एकट्याला किंमत नाही. हा ‘आणि’ नजरेतून सुटला की वर्ष जातं. त्यातून आणखी एक गुंता: फूटहिल आणि डी अँझा ही कॉलेजं क्वार्टरवर चालतात, राज्यातली बहुतेक बाकीची सेमिस्टरवर. क्वार्टरच्या तीन तुकड्या म्हणजे सेमिस्टरच्या दोन. उन्हाळ्यात एक तुकडा इथून, एक तिथून असं केलं तर मधला काही भाग शिकायचाच राहतो, किंवा दोनदा होतो. मालिका जिथे सुरू केली तिथेच संपवायची.

आता कोर्सच्या नावाबद्दल. एकाच कॉलेजात ‘केमिस्ट्री’ नावाचे तीन-चार कोर्स असतात. एक विज्ञान मेजरवाल्यांसाठी, एक नर्सिंग वगैरे आरोग्य शाखांसाठी, एक नुसत्या सामान्य ज्ञानासाठी. जीवशास्त्राचंही तसंच. नर्सिंगकडे जाणाऱ्यांना ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी लागते. डॉक्टर व्हायचंय म्हणून एखादा मुलगा उत्साहाने पहिल्याच वर्षी ॲनाटॉमी घेऊन बसतो. विषय छान आहे, पण मेडिकल स्कूलला हवं असलेलं एक वर्षाचं मेजरवाल्यांचं जीवशास्त्र त्याने भरून निघत नाही. उलटही खरं: नर्सिंग किंवा फिजिशियन असिस्टंटकडे जायचं असेल तर ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी हवीच, आणि ऑरगॅनिकचा दुसरा भाग कदाचित लागणारही नाही. ‘मेडिकल लाइन’ असा एकच शब्द आपण सगळ्याला वापरतो. काउन्सेलरसमोर तो वापरू नका. नेमका कोणता व्यवसाय ते सांगा, नाहीतर तो तुम्हाला दुसऱ्याच गाडीत बसवेल, आणि त्यात त्याची चूक नसेल.

किती ओझं झेपतं? जनरल केमिस्ट्री बहुधा पाच युनिटची असते. पाच हा आकडा लहान वाटतो. पण त्यात आठवड्याला तीन तास व्याख्यान आणि सहा तास लॅब, म्हणजे नऊ तास नुसतं वर्गात. असे दोन विषय आणि वर कॅल्क्युलस घेतलं की वर्गातच वीस तासांच्या वर गेले, घरचा अभ्यास वेगळा, लॅबचे रिपोर्ट वेगळे. आठवड्याला वीस तास नोकरी करणाऱ्या मुलाने हे एकदम अंगावर घेऊ नये, हे आमचं स्पष्ट मत आहे. पहिल्या सेमिस्टरला लॅबचा एकच विषय, सोबत गणित आणि इंग्रजी. दुसऱ्या सेमिस्टरला केमिस्ट्री दोन आणि जीवशास्त्र. दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिक, उरलेलं जीवशास्त्र, आणि जमलं तर भौतिकशास्त्र. नाही जमलं तर ते विद्यापीठात. मात्र तुमचा मेजर भौतिकशास्त्र आधीच मागतो का हे त्याच असिस्टच्या तक्त्यात बघून मगच ते पुढे ढकला.

एवढी काळजी कशासाठी, असं वाटेल. ती ट्रान्सक्रिप्टसाठी. मेडिकल स्कूलचा अर्ज ॲमकास नावाच्या सेवेतून जातो. ॲमकास प्रत्येक कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट मागते, अगदी शाळेत असताना घेतलेल्या कॉलेजच्या कोर्सचंसुद्धा. आणि ती जीपीए स्वतः मोजते. जीवशास्त्र, केमिस्ट्री, भौतिकशास्त्र आणि गणित यांचा वेगळा जीपीए काढते. समजा केमिस्ट्रीत डी मिळाला, कोर्स पुन्हा केला आणि ए मिळाला. कॉलेजच्या हिशोबात जुना डी बाजूला पडतो आणि जीपीए चार दिसतो. ॲमकास दोन्ही धरते: एक आणि चार, सरासरी अडीच. डीओ शाळांच्या अर्जसेवेतही २०१७ पासून दोन्ही धरतात. पूर्वी तिथे जुना ग्रेड गळायचा, आणि ती जुनी माहिती अजून लोकांच्या तोंडी आहे.

सी आला तर गोष्ट आणखी अवघड. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात सी हा उत्तीर्ण ग्रेड, त्यामुळे तो कोर्स ग्रेड सुधारण्यासाठी पुन्हा घेता येत नाही. तो सी कायमचा. म्हणून सेमिस्टरच्या पहिल्या काही आठवड्यांत गाडी घसरते आहे असं दिसलं, तर कोर्स सोडण्याची तारीख गाठणं शहाणपणाचं. सुरुवातीच्या मुदतीत सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर खूणही राहत नाही. नंतर सोडला तर डब्ल्यू येतो, पण जीपीएत धरला जात नाही. एखाद्या डब्ल्यूने कुणाचं करिअर बुडत नाही. आपल्याकडे ‘मध्येच सोडलं’ ही नामुष्की वाटते, आणि त्या भिडेपायी मुलं शेवटपर्यंत रेटून सी घेऊन येतात. पालकांनी इथे थोडं सैल व्हावं. अर्थात सोडलेल्या कोर्सने साखळी तुटते, तेव्हा तो पुढच्या सत्रात मिळणार आहे का हे बघूनच सोडायचा. आणि पास-नो पास हा पर्याय या विषयांत नको. मेडिकल स्कूलला अक्षर हवं असतं.

तारखांचंही बघू. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सहा कॅम्पसांत प्रवेशहमीची सोय आहे, तिला टॅग म्हणतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. टॅगचा अर्ज सप्टेंबरमध्ये भरायचा, आणि तोवर ३० सेमिस्टर युनिट पूर्ण हवीत. म्हणजे दोन वर्षांत बदली हवी असेल तर पहिलं वर्ष संपताच तुमचा हिशोब तपासला जातो. काही मेजरांना टॅग मिळत नाही किंवा वरचा जीपीए लागतो, तेही आधी बघायचं.

बरं, आता नेहमीची शंका: मेडिकल स्कूल कम्युनिटी कॉलेजच्या विज्ञानाला कमी लेखतात का? काही शाळा हे विषय चार वर्षांच्या विद्यापीठात केलेले बरे असं म्हणतात, बऱ्याच शाळा दोन्ही सारखेच मानतात. आमच्या मते खरा फरक क्रमाने पडतो. सुरुवात कम्युनिटी कॉलेजात करून पुढे विद्यापीठात बायोकेमिस्ट्री, जेनेटिक्स, सेल बायॉलॉजी अशा वरच्या विषयांत चांगले ग्रेड आणले, तर पायाबद्दल कुणी विचारत नाही. पण विद्यापीठात नाव असताना अवघड वाटलं म्हणून ऑरगॅनिकपुरतं कम्युनिटी कॉलेजात पळून आलं, तर ते पळणं कागदावर दिसतं. लॅब ऑनलाइन केली असेल तर काही शाळा ती मानत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. उलट इथला एक फायदा घ्यायला मुलं विसरतात. वर्ग लहान असतो, प्राध्यापक स्वतः लॅबमध्ये असतात, नावाने ओळखतात. शिफारसपत्राची विनंती तिथून निघायच्या आधी करा. दोन वर्षांनी त्यांना चेहरा आठवेल, प्रयोग आठवणार नाहीत.

आणि चार वर्षांत सगळं बसवायचा हट्ट? पदवीनंतर थेट मेडिकल स्कूलला जायचं तर अर्ज तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात, म्हणजे प्रवेशाच्या वर्षभर आधी भरावा लागतो. तोवर विद्यापीठात येऊन एकच वर्ष झालेलं असतं आणि एमकॅटही देऊन व्हायला हवी. एमकॅटमध्ये बायोकेमिस्ट्री भरपूर, शिवाय २०१५ पासून मानसशास्त्र आणि समाजशास्त्राचा स्वतंत्र विभाग. हे दोन विषय कम्युनिटी कॉलेजातच स्वस्तात उरकावेत. पण अर्जासाठी आम्ही मधलं एक वर्ष मोकळं ठेवायला सांगतो. मेडिकल स्कूलला लागणाऱ्यांचं सरासरी वय चोविसाच्या आसपास आहे, त्यामुळे त्या वर्षाचं कुणाला नवल नाही. एच-४ व्हिसावरच्या मुलांच्या घरी मात्र हा हिशोब वेगळा बसतो. एकविसाव्या वर्षी तो दर्जा संपतो, आणि बहुसंख्य मेडिकल स्कूल परदेशी विद्यार्थ्यांना घेत नाहीत. त्या घरांनी मेजर निवडण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलावं.

एक प्रश्न मागून आलाय: पुण्याहून बीएस्सी केलेलं आहे, आता ग्रीन कार्ड आहे, तर काय? एमबीबीएस झालेल्यांची वाट निराळी. त्यांना पुन्हा मेडिकल स्कूल लागत नाही, यूएसएमएलई आणि रेसिडेन्सी लागते. बीएस्सीवाल्यांचं असं की ॲमकास परदेशातले मार्क जीपीएत धरत नाही, आणि बऱ्याच शाळा वर सांगितलेले विज्ञानाचे विषय अमेरिकेत किंवा कॅनडात केलेले मागतात. म्हणजे ऑरगॅनिक येत असलं तरी पुन्हा बसावं लागेल, आणि त्यासाठी संध्याकाळचे वर्ग असलेलं कम्युनिटी कॉलेज सोयीचं पडतं. फक्त आधी पाच-सहा शाळा निवडा आणि त्यांच्या अटी एकेक करून वाचा. काही शाळा ठरावीक युनिट चार वर्षांच्या विद्यापीठातली मागतात. तशी अट असेल तर केमिस्ट्री इथे करून जीवशास्त्राचे वरचे विषय स्टेट युनिव्हर्सिटीत घेता येतील. नाव नोंदवताना मात्र काउन्सेलरकडून शैक्षणिक आराखडा करून घ्या. ओरिएंटेशन आणि हा आराखडा पूर्ण असलेल्यांना नोंदणीची तारीख आधीची मिळते, आणि संध्याकाळची लॅब पहिल्या दिवसांतच भरते.