पावसात भिजलेला टी-रेक्स

“‘जुरासिक पार्क’ ना? ते सगळं कॉम्प्युटरवर केलंय.” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता ऐकलं की चीडच येते. १९९४ मध्ये हिंदीत डब होऊन आलेला हा सिनेमा थिएटरात खुर्चीचे हात घट्ट धरून पाहिलेली माणसंही हेच म्हणतात. त्या वेळी जन्मही न झालेली, आज ॲनिमेशनच्या क्लासला जाणारी मुलंही हेच म्हणतात. चीड याची, की या एका वाक्यात कित्येक कारागिरांची मेहनत पुसली जाते.

आधी आकडे बघू. सिनेमा १२७ मिनिटांचा. त्यात डायनासोर पडद्यावर असतात जेमतेम पंधरा मिनिटं. त्यातही संगणकावर घडवलेले डायनासोर साधारण सहा मिनिटं दिसतात. बाकीचे सगळे हात लावता येतील असे, स्टॅन विन्स्टन यांच्या कार्यशाळेत बनलेले. आजारी पडून आडवी झालेली ट्रायसेराटॉप्स पूर्ण यांत्रिक होती आणि ती हवाईतल्या काउआई बेटावर नेऊन ठेवली होती. अंडं फोडून बाहेर येणारं रॅप्टरचं पिल्लू म्हणजे बाहुलं. विष थुंकणारा डायलोफोसॉरसही बाहुलंच. स्वयंपाकघरात मुलांच्या मागे लागलेले रॅप्टर तर काही शॉटमध्ये पोशाख आहेत, आत चक्क माणूस वाकून उभा आहे.

आणि तो टी-रेक्स. पावसातल्या रात्री कुंपणापाशी थांबलेल्या गाड्या, डॅशबोर्डवरच्या ग्लासातल्या पाण्यात उठणारी वर्तुळं. ती वर्तुळंसुद्धा संगणकाची नाहीत. सेटवरचे स्पेशल इफेक्ट्स सांभाळणाऱ्या मायकल लँटिएरी यांनी खूप प्रयोग करून पाहिले, पाण्यात तशी नेमकी वर्तुळं काही उठेनात. शेवटी त्यांनी डॅशबोर्डखाली गिटारची तार ताणून बसवली. तार छेडली की वर पाणी थरथरायचं. पडद्यावरची ती धडकी एका तारेची आहे.

मग येतो तो प्राणी. जवळजवळ १२ मीटर लांबीचं, चार टनांच्या आसपास वजनाचं हायड्रॉलिक यंत्र, वर फोम रबरची कातडी. चालवणाऱ्यांच्या हातात त्याचीच छोटी प्रतिकृती असायची. तिची मान वळवली, की मोठ्याची मान वळायची. हा प्रसंग कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत बंद मंचावर, कृत्रिम पाऊस पाडून चित्रित झाला. घोळ झाला तो त्या पावसानं. फोमची कातडी स्पंजासारखी पाणी पिऊ लागली आणि यंत्राचं वजन वाढलं. सगळी जुळणी कोरड्या वजनाच्या हिशेबानं केलेली, त्यामुळे जनावर थंडीनं कुडकुडल्यासारखं थरथरू लागलं. मग दोन शॉटच्या मधे माणसं टॉवेल घेऊन चढायची आणि त्याचं अंग पुसून कोरडं करायची. भिजलेल्या टी-रेक्सला पुसणारी ती माणसं डोळ्यांसमोर आणा आणि मग म्हणा, सगळं कॉम्प्युटरवर केलंय. टी-रेक्सचं डोकं गाडीच्या छतावर आदळतं तेव्हा वरची पारदर्शक शीट निघून मुलांच्या अंगावर येते. तसं काही ठरलेलं नव्हतं. त्या किंकाळ्यांमध्ये खरी भीती आहे.

मग संगणकानं काय केलं? खूप काही केलं, आणि तेही नीट सांगायला हवं. कारण हल्ली उलटा गैरसमजही पसरतोय. नव्या ‘जुरासिक वर्ल्ड’ सिनेमांना नावं ठेवताना लोक म्हणतात, जुन्यात सगळं खरं होतं, संगणक नव्हताच. साफ चूक. सुरुवातीला माणसं थक्क होऊन पाहतात तो ब्रॅकिओसॉरस, माळावरून धावणारा गॅलिमायमसचा कळप, जीपमागे पळणारा टी-रेक्स हे सगळं संगणकावरचं आहे. चार टनांचं यंत्र धावू शकत नाही. एकाच प्रसंगात दोन्ही टी-रेक्स आहेत. डोकं खिडकीशी येतं तेव्हा यंत्र आणि अख्खं अंग चालताना दिसतं तेव्हा संगणक. तो सांधा आज तीस वर्षांनीही सहज दिसत नाही, यातच दोन्हीकडच्या कारागिरांचं कसब आहे.

दिग्दर्शक स्पीलबर्ग यांचा मूळ बेत संगणकाचा नव्हताच. चालणारे डायनासोर फिल टिपेट करणार होते, छोट्या प्रतिकृती फ्रेमगणिक हलवून. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या कंपनीतल्या दोघा ॲनिमेटरांनी न सांगता टी-रेक्सचा सांगाडा संगणकावर चालवून दाखवला आणि बेत बदलला. ते पाहून टिपेट म्हणाले, आता आपणच नामशेष. स्पीलबर्गनी तो उद्गार सिनेमातल्या संवादात घेतला. इथून पुढे लोक गोष्ट चुकीची सांगतात, की संगणक आला आणि टिपेट घरी बसले. ते घरी बसले नाहीत. डायनासोर कसा चालतो, वजन कसं टाकतो, कुठे थबकतो, हे संगणकवाल्यांना शिकवण्याचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांच्या स्टुडिओच्या मदतीनं धातूचा एक सांगाडा बनला, त्याच्या सांध्यासांध्यावर सेन्सर बसवलेले. जुने कारागीर तो नेहमीसारखा हातानं हलवायचे आणि त्या हालचाली संगणकात उतरायच्या. म्हणजे संगणकावरच्या काही डायनासोरांमध्येही माणसाच्या बोटांचीच हालचाल आहे.

इतर गैरसमज थोडक्यात. सिनेमातले सगळेच प्राणी जुरासिक काळातले नाहीत. टी-रेक्स, ट्रायसेराटॉप्स आणि वेलोसिरॅप्टर त्यानंतरच्या क्रेटेशियस काळातले. खरा वेलोसिरॅप्टर टर्कीएवढा होता. सिनेमातला त्याच्या मोठ्या भाऊबंदावर, डायनोनिकसवर बेतलाय. खऱ्या वेलोसिरॅप्टरला पिसंही होती, २००७ मध्ये त्याच्या हाडावर पिसांच्या मुळांच्या खुणा सापडल्या. डायलोफोसॉरसच्या मानेची झालर आणि विष या कल्पना आहेत, पुरावा शून्य. निश्चल उभं राहिलं तर टी-रेक्सला दिसत नाही, हेही खोटं. त्याची नजर उत्तम होती, नाक तर त्याहून तीक्ष्ण. सिनेमातली त्याची डरकाळी सिंहाची नव्हे, तर हत्तीचं पिल्लू, वाघ आणि मगरीच्या जातीचा ॲलिगेटर यांच्या आवाजांची सरमिसळ.

आणि सिनेमातल्यासारखा, राळेतल्या डासाच्या पोटातल्या डीएनएपासून डायनासोर? नाही. मोआ या नामशेष पक्ष्याच्या हाडांवरचा २०१२ चा अभ्यास सांगतो, की हाडातला निम्मा डीएनए साधारण ५२१ वर्षांत तुटतो. आजवर मिळालेला सर्वांत जुना डीएनए ग्रीनलँडमधला, सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचा. टी-रेक्स जाऊन ६ कोटी ६० लाख वर्षं झाली.

पुन्हा हा सिनेमा पाहाल तेव्हा पावसाचा प्रसंग एकदा आवाज बंद करून पाहा आणि यंत्र कुठे संपतं ते शोधा. घरातल्या मुलांनाही शोधायला लावा. आणि कोणी “सगळं कॉम्प्युटरवर” म्हणालं, तर एवढंच सांगा: मार्च १९९४ मध्ये या सिनेमाचं व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर चौघांना मिळालं. संगणकाची बाजू सांभाळणारे डेनिस म्युरेन, टी-रेक्स बनवणारे स्टॅन विन्स्टन, ‘नामशेष’ झालेले फिल टिपेट आणि गिटारची तार बसवणारे मायकल लँटिएरी.